बारदेशचें मीठ व इ. स. १८७८ चा जकातीचा तह

श्रीशिवछत्रपतींच्या राज्यकारभाराचा अभ्यास करणाऱ्यांस इ. स. १६७१ मधील एक पत्र चांगलें परिचित आहे. कुडाळ प्रांताचे अधिकारी नरहरि आनंदराव यांस लिहिलेल्या त्या आज्ञापत्राचा विषय लढाईचा नाहीं कीं किल्ल्याचा नाहीं. तो मिठाचा आहे. फिरंगी अमलाखालील बारदेशांत मीठ स्वस्त आणि स्वराज्यांतील मीठ त्या मानानें महाग. तेव्हां बैल घेऊन येणारे व्यापारी बारदेशाकडे वळतील व आपलीं मिठागरें ओस पडतील, ही चिंता त्या पत्राच्या मुळाशीं आहे. उपायही तितकाच स्पष्ट सांगितला आहे. बारदेशाहून येणाऱ्या मिठावर अशी जबर जकात बसवावी कीं, तें संगमेश्वरच्या मिठाच्या भावास येऊन ठेपावें. दोन मुलुखांच्या सीमेवर जकातीची भिंत कां उभारावी लागते, याचें इतकें थोडक्यांत विवेचन दुसरें क्वचितच आढळेल.

या पत्रानंतर दोनशें नऊ वर्षांनीं, म्हणजे इ. स. १८८० च्या जानेवारींत, त्याच सीमेवर नेमकी उलट गोष्ट घडली. पोर्तुगीज हिंदुस्थान व ब्रिटिश हिंदुस्थान यांमधील जकातीची भिंत पाडण्यांत आली आणि बारा वर्षें हे दोन मुलूख व्यापाराच्या दृष्टीनें एक समजले गेले. ज्या तहानें हें झालें तो २६ डिसेंबर १८७८ रोजीं लिस्बन येथें झाला. इंग्लंडतर्फे वकील रॉबर्ट मोरियर व पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री आंद्राद कोर्व्हो यांनीं त्याच्या वाटाघाटी केल्या. लहान देशानें आपल्या शेजारच्या मोठ्या संघांत व्यापारापुरतें सामील व्हावें कीं नाहीं, झाल्यास काय मिळतें व काय जातें, हा प्रश्न आजही जगांत ठिकठिकाणीं निघतो. त्याचें एक पूर्ण, आरंभापासून शेवटापर्यंत पाहतां येणारें उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर घडून गेलें आहे. त्याचा जमाखर्च मांडून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

आरंभींच सांगितलें पाहिजे कीं, आमचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. अर्थव्यवहाराचे जाणते म्हणविण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु या विषयाकडे जाण्याची एक वाट आमच्या शास्त्रांतूनच जाते. कौटिल्यानें षाड्गुण्याच्या विवेचनांत दुबळ्या राजानें बलवानाशीं करावयाच्या संधीचे प्रकार सांगितले आहेत: कोणी सैन्य देऊन संधि करितो, कोणी कोश देऊन, कोणी भूमि देऊन. १८७८ च्या तहांत गोमंतकानें यांपैकीं कांहींच दिलें नाहीं. सैन्य मागितलें गेलें नाहीं, भूमि गेली नाहीं, आणि कोश तर उलट बलवानाकडूनच दुबळ्याकडे आला. मग दुबळ्यानें दिलें तें काय? आपल्या मुलुखांत कोणत्या जिनसेवर किती कर असावा हें ठरविण्याची सत्ता त्यानें दिली. ही वस्तु कोणत्याही कोठारांत दिसत नाहीं, म्हणून तिची किंमत करतांना दोन्ही पक्षांची चूक झाली, असें आमचें मत आहे.

प्रथम गोमंतकाची त्या काळची स्थिति पाहूं. एका बाजूस समुद्र आणि उरलेल्या तिन्ही बाजूंस ब्रिटिश अंमल किंवा त्याच्या अंकित संस्थानें, अशी ही चिंचोळी भूमि. नारळ, सुपारी, मीठ व मासळी हे तिचे विकावयाचे जिन्नस. भात मात्र वर्षभर पुरेल इतकें पिकत नसे. त्यामुळें घाटावरून बैलांचे तांडे धान्य घेऊन उतरत आणि मीठ, नारळ, सुकी मासळी घेऊन चढत. हा देवघेवीचा व्यवहार कोणत्याही तहाहून जुना होता. परंतु त्याच्या वाटेवर दोन सरकारांच्या चौक्या होत्या. एकीकडे भरलेली जकात दुसरीकडे उपयोगी पडत नसे. गोव्याचा खजिना तोट्यांत, लिस्बनचा खजिना त्याहून ओढगस्तींत, आणि मुरगांवचें उत्तम नैसर्गिक बंदर घाटापलीकडील मुलुखाशीं लोहमार्गानें जोडलेलें नसल्यामुळें पडून राहिलेलें, अशी एकंदर अवस्था होती.

इंग्रजांची गरज निराळी होती, आणि ती समजल्याखेरीज तहाचा अर्थ लागत नाहीं. ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या उत्पन्नांत मिठावरील कराचें स्थान मोठें होतें. हा कर प्रांतोप्रांतीं निरनिराळा असल्यामुळें स्वस्त मीठ महाग प्रांतांत शिरूं नये म्हणून देशाच्या पोटांतून सुमारें अडीच हजार मैल लांबीची जकातीची रेषा आंखलेली होती. कित्येक ठिकाणीं तर ती कांटेरी झाडांच्या जिवंत कुंपणाचीच होती, आणि तिच्या राखणीस सुमारें बारा हजार माणसें लागत. हा राक्षसी प्रकार बंद करावयाचा तर दोन गोष्टी आवश्यक होत्या: कराचे दर जवळ आणणें, आणि ब्रिटिश हद्दीबाहेरचीं मिठाचीं उगमस्थानें आपल्या हाताखालीं घेणें. त्याप्रमाणें मुंबई इलाख्यांतील दर मणीं १ रुपया १३ आण्यांवरून २ रुपये ८ आण्यांवर नेण्यांत आला. सांभर सरोवर जयपूर व जोधपूर यांजकडून आधींच खंडानें घेतलें होतें. १८७९ सालीं राजपुतान्यांतील संस्थानांशीं करार करून तेथील मीठ आवरण्यांत आलें, आणि त्याच वर्षीं एप्रिलांत ती अंतर्गत रेषा उठली. मीठ पिकविण्याचा खर्च आण्यांत आणि त्यावरचा कर रुपयांत, असा प्रकार असल्यावर पश्चिम किनाऱ्यावर परक्या सत्तेखालीं असलेलीं गोव्याचीं मिठागरें म्हणजे धरणाला पडलेलें भोंक होतें. तें बुजविणें हा इंग्रजांच्या दृष्टीनें तहाचा प्रधान हेतु होय. दुसरा हेतु दक्षिण महाराष्ट्र व धारवाडकडील कापसास समुद्राची जवळची वाट मिळविणें हा होता. त्यासाठीं कारवारचें बंदर हुबळीस जोडण्याचा विचार पुष्कळ वर्षें चालला होता. मुरगांवची निवड झाली तेव्हां कारवारची आशा मावळली, हेंही या जमाखर्चांतील एक कलम आहे, जरी तें गोव्याच्या खात्यावर पडत नाहीं.

तहांतील मुख्य गोष्टी थोडक्यांत अशा होत्या. दोन्ही मुलुखांमधील जमिनीवरच्या जकाती उठवाव्या आणि समुद्रावाटे येणाऱ्या मालावरचे दर दोहोंकडे एकच ठेवावे. पोर्तुगीज मुलुखांतील मिठाच्या उत्पादनाचें व विक्रीचें नियमन ब्रिटिश हिंदुस्थान सरकारकडे जावें. ताडीमाडी व दारू यांवरील अबकारीची पद्धति ब्रिटिश पद्धतीच्या जोडीस आणावी. मुरगांवपासून हुबळीकडे जाणारा लोहमार्ग बांधावा. आणि या सर्वांबद्दल ब्रिटिश हिंदुस्थान सरकारनें गोव्याच्या सरकारास दरसाल ४ लक्ष रुपये द्यावे. मुदत बारा वर्षांची.

आतां जमेची बाजू पाहूं. चौक्या उठल्या, हा लाभ लहान नव्हता. ज्या वाण्यास पेडण्याहून बांद्यास किंवा वाळपईहून घाटावर माल न्यावयाचा असे, त्याचा वेळ, लांच व खोळंबा वांचला. जकात भरणें एक वेळ सोसतें, पण जकातदाराची मर्जी संभाळणें सोसत नाहीं, हा अनुभव सर्व काळच्या व्यापाऱ्यांचा आहे. धान्य आयात करणाऱ्या मुलुखास धान्याच्या वाटेवरचा अडथळा जाणें हें तर सरळ पोटाशीं संबंध असलेलें सुख होय. दुसरा लाभ लोहमार्गाचा व बंदराचा. लंडन येथें स्थापन झालेल्या कंपनीनें हें काम केलें. मुरगांवापासून सरहद्दीपर्यंत सुमारें ५१ मैलांची ही वाट दूधसागरच्या धबधब्यासमोरून घाट चढते. तिचें बांधकाम त्या काळच्या मानानें मोठ्या हिमतीचें होतें. १८८८ सालीं ती कॅसलरॉकपर्यंत पोंचून पुढें सदर्न मराठा रेल्वेस मिळाली. तिसरा लाभ निश्चित रकमेचा. ज्या सरकारास पुढच्या वर्षीं काय मिळेल याची शाश्वति नसे, त्यास दरसाल चार लक्ष रुपये ठरलेल्या वेळीं मिळूं लागले. हे तिन्ही लाभ खरे आहेत, आणि तह म्हणजे निव्वळ लूट होती असें म्हणणाऱ्यांनीं ते नाकारूं नयेत.

खर्चाच्या बाजूस पहिलें कलम मिठाचें. बारदेश, तिसवाडी, साष्टी व पेडणें या भागांतील खाजनांच्या कडेला मीठ पिकविणारे मिठगावडे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते. पावसाळा संपला कीं बांध दुरुस्त करावयाचे, भरतीचें पाणी मानशींतून आंत घ्यावयाचें, वाफ्यावाफ्यांतून फिरवून उन्हांत आटवावयाचें, आणि वैशाखापर्यंत पांढऱ्या राशी उभ्या करावयाच्या, हा त्यांचा वार्षिक क्रम. मिठावर परक्या खात्याचें नियंत्रण आल्यावर कोणत्या आगरांनीं पिकवावें, किती पिकवावें, कोठें सांठवावें आणि कोणास विकावें हें सर्व कायद्यानें बांधलें गेलें. देखरेखीस गैरसोयीचीं पडणारीं लहान आगरें बंद होणें हा अशा व्यवस्थेचा स्वाभाविक परिणाम असतो. कारण शंभर ठिकाणीं पहारा ठेवण्यापेक्षां दहा ठिकाणीं ठेवणें सरकारास स्वस्त पडतें. मालकाचें नुकसान मोजतां येतें. परंतु बांधावर खपणाऱ्या मजुरास, होडीनें मीठ वाहणाऱ्या खारव्यास, आणि मिठाच्या बदल्यांत भात घेणाऱ्या बाईस कोणत्या खात्यांतून काय द्यावें, याचा विचार तहाच्या कलमांत बसत नाहीं. शिवाय मीठ ही केवळ विकावयाची वस्तु नव्हती. मासळी टिकविण्याचें तें साधन होतें. मीठ महागलें कीं खारवण महागते, आणि खारवण महागली कीं पावसाळ्यांत गरिबाच्या भाताबरोबरचा तोंडीलावण्याचा एकुलता एक पदार्थ दुर्मिळ होतो. कौटिल्यानें परदेशाहून येणाऱ्या मिठावर सहावा हिस्सा सांगितला, तरी श्रोत्रिय, तपस्वी व वेठीचे कामकरी यांस जेवणापुरतें मीठ फुकट नेऊं द्यावें असा अपवादही लिहून ठेविला आहे. कर कोठें थांबला पाहिजे हें त्या कठोर शास्त्रकारासही ठाऊक होतें.

दुसरें कलम माडाचें. गोमंतकांत माड काढणाऱ्या रेंदेरांचा धंदा मोठा. ताडीवर, गुळावर व माडाच्या दारूवर हजारों कुटुंबें जगत. अबकारी मुंबईच्या पद्धतीवर गेली तेव्हां प्रत्येक काढल्या जाणाऱ्या झाडाचा संबंध सरकारी परवान्याशीं आला. मद्यपानास आळा बसला तर तें इष्टच, असें कोणी म्हणेल. परंतु झाडावर कर बसल्यानें पिणाऱ्याचें व्यसन सुटतें यापेक्षां चढणाऱ्याची भाकरी सुटते हेंच बहुधा घडतें. गोमंतकांतून मुंबईकडे पोटासाठीं जाणाऱ्यांचा ओघ तहापूर्वींही होता. तहाच्या काळांत त्यांस घरीं राहण्याचें एक कारण कमी झालें, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

तिसरें कलम आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. १८८२ सालच्या मार्चांत हिंदुस्थान सरकारचे अर्थमंत्री मेजर बेअरिंग यांनीं ब्रिटिश हिंदुस्थानांत बाहेरून येणाऱ्या मालावरील बहुतेक सर्व जकाती काढून टाकल्या. दारू, शस्त्रें, मीठ अशा थोड्या जिनसांवरच्या तेवढ्या राहिल्या. यामागें मँचेस्टरच्या कापड-गिरणीवाल्यांचा अनेक वर्षांचा रेटा होता व मुक्त व्यापाराचें तत्त्वही होतें. या निर्णयाचा गोव्याशीं कांहींएक संबंध नव्हता. निर्णय करणाऱ्यांच्या मनांत गोवा आलाही नसेल. परंतु दर दोहोंकडे एक ठेवावयाचे हा तहाचा प्राण असल्यामुळें, एका बाजूची जकात गेली कीं दुसऱ्या बाजूस तिला आधार उरत नाहीं. हिंदुस्थान सरकारास हा तोटा सोसण्यासारखा होता, कारण त्याजकडे सारा, अफू व मीठ हीं उत्पन्नाचीं विशाल साधनें होतीं. समुद्रकांठच्या एका लहान मुलुखास जकात हेंच प्रमुख साधन असतें. त्याच वर्षीं मिठाचा ब्रिटिश दर अडीचांवरून दोन रुपयांवर आला, आणि १८८८ च्या जानेवारींत तो पुन्हां अडीचांवर गेला. दोन्ही वेळां कारणें कलकत्त्याचीं होतीं. तहाचे शब्द कांहीं असोत, दराची नाडी कोणाच्या हातीं होती हें या तीन प्रसंगांवरून उघड होतें. वर आम्ही म्हटलें कीं दुबळ्यानें दिलेली वस्तु कोठारांत दिसत नाहीं. ती १८८२ सालीं दिसली.

चौथें कलम चार लक्ष रुपयांचें. रक्कम ठरली ती रुपयांत, आणि बारा वर्षांकरितां कायमची. परंतु लोहमार्ग बांधणारी कंपनी लंडनची. तिच्या भांडवलावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारनें घेतलेली, आणि तें व्याज द्यावयाचें पौंडांत. याच काळांत जगांत चांदी उतरत होती. १८८० च्या सुमारास रुपयास सुमारें १ शिलिंग ८ पेन्स मिळत. त्या भावानें चार लक्ष रुपयांचे सुमारें ३३,३३३ पौंड होतात. १८९२ पर्यंत रुपया सुमारें १ शिलिंग ३ पेन्सांवर आला. तेव्हां त्याच चार लक्षांचे २५,००० पौंड उरले. कागदावर एक पैही कमी न होतां भरपाईचा चौथा हिस्सा वाटेंतच विरघळला. लोहमार्गाच्या प्राप्तींतून व्याज निघत नव्हतें, म्हणजे हमीचा बोजा खजिन्यावर पडत होता. ज्या रकमेनें गोमंतकाच्या प्रजेचें नुकसान भरून निघावें अशी कल्पना होती, तिचें तोंड अशा रीतीनें लंडनच्या भागीदारांकडे वळलें.

पांचवें कलम काळाचें, आणि तें मोजण्यास अगदीं सोपें आहे. मिठाचें नियंत्रण, अबकारी व दरांची एकता हीं १८८० पासून लागू झालीं. घाट चढून सलग गाडी चालूं लागली ती १८८८ सालीं. तह संपला १८९२ च्या जानेवारींत. म्हणजे बारा वर्षांपैकीं आठ वर्षें प्रजेनें किंमत भरली आणि जिच्यासाठीं भरली ती वस्तु चार वर्षें हातांत राहिली. तीही नवीन असतांना, व्यापाराची संवय लागण्यापूर्वीं. झाडास फळ धरण्याच्या सुमारास खंडाची मुदत संपावी तसा हा प्रकार झाला.

येथें कोणी विचारील कीं, लहान देशानें मोठ्याशीं जकातीचें ऐक्य केलें म्हणजे असेंच व्हावयाचें काय? तसें नाहीं, आणि याचा पुरावा त्याच शतकांतील जर्मनीनें ठेविला आहे. १ जानेवारी १८३४ पासून प्रशियाच्या पुढाकारानें तेथें जो जकात-संघ चालू झाला, त्यांतही एक मोठा व पुष्कळ लहान असाच संबंध होता. परंतु त्यांत दोन गोष्टी होत्या. जकातीचें एकत्र उत्पन्न लोकसंख्येच्या प्रमाणांत वांटलें जाई, त्यामुळें व्यापार वाढला कीं लहानाचा वांटाही वाढे. आणि संघाच्या परिषदेंत दर बदलावयाचे तर सर्वांची संमति लागे; लहान संस्थानही नकार देऊं शकत असे. ही अट इतकी जाचक झाली कीं पुढें १८६७ सालीं ती मोडून बहुमताची पद्धति आणावी लागली. परंतु पहिलीं तेहतीस वर्षें लहानांस संघांत टिकवून धरलें तें याच अटीनें. हानोव्हरसारखें राज्य तर १८५४ मध्यें संघांत शिरतांना आपल्या वांट्यापेक्षां अधिक हिस्सा ठरवून घेऊनच शिरलें. गोमंतकास वाढणारा वांटा मिळाला नाहीं, ठराविक रक्कम मिळाली. आणि दराच्या बाबतींत नकाराचें बळ मिळालें नाहीं. उभय संघांतील भेद एवढ्यांतच सामावतो. ऐक्य वाईट नव्हतें. ऐक्याची बांधणी वाईट होती.

तह पुन्हां केला गेला नाहीं. मुदत संपण्याच्या सुमारास वातावरणही बिघडलें होतें. ११ जानेवारी १८९० रोजीं आफ्रिकेंतील मुलुखांवरून इंग्लंडनें पोर्तुगालला निर्वाणीचा खलिता दिला होता आणि लिस्बनमध्यें इंग्रजांचें नांव काढणें कठीण झालें होतें. १८९१-९२ मध्यें पोर्तुगालचें राष्ट्रीय दिवाळें निघण्याची वेळ आली. चौक्या परत आल्या. गोव्याचें मीठ गोव्याच्या ताब्यांत आलें, पण तें घाटावर न्यावयाचें तर पुढें ब्रिटिश कराची भिंत उभीच होती. १६७१ चें चक्र पूर्ण फिरून जागेवर आलें. फरक इतकाच कीं पूर्वीं भिंत उभारणाऱ्यास आपलीं मिठागरें वांचवावयाचीं होतीं, आतां आपला कर वांचवावयाचा होता.

तरी सर्वच पुसलें गेलें असें नाहीं. लोहमार्ग राहिला. १९०२ पासून त्याची वहिवाट सदर्न मराठा रेल्वेकडे गेली, आणि विसाव्या शतकांत खनिजाचा व्यापार वाढला तेव्हां मुरगांवच्या बंदराचें महत्त्व सर्वांस पटलें. १९५५ सालीं गोव्याच्या मुक्ततेच्या झगड्यांत हाच मार्ग सरहद्दीवर बंद झाला, आणि डिसेंबर १९६१ मध्यें गोवा भारतांत आल्यावर पुन्हां वाहता झाला. म्हणजे तहाचा मुख्य लाभ तहाच्या मुदतीनंतर कित्येक दशकांनीं, तह करणाऱ्यांच्या नातवंडांस मिळाला. हा लाभ जमेस धरावा कीं नाहीं? आमच्या मतें धरावा. परंतु ज्यांनीं किंमत दिली ते आणि ज्यांस लाभ झाला ते एकच नव्हते, हें त्यापुढें लिहून ठेवूनच धरावा.

हा विचार केवळ गतकाळाचा नाहीं. १ जुलै २०१७ पासून भारतांत वस्तु व सेवा कर लागू झाला तेव्हां राज्यांनींही आपापले कर बसविण्याच्या सत्तेचा मोठा भाग एकत्र केला, आणि त्यांच्या तोट्याबद्दल पांच वर्षें भरपाई देण्याची हमी देण्यांत आली. ती मुदत जून २०२२ मध्यें संपली. मात्र तेथें दर ठरविणाऱ्या परिषदेंत प्रत्येक राज्यास मत आहे, आणि भरपाई ठराविक रकमेची नसून दरसाल शेंकडा १४ वाढ गृहीत धरून मोजली जात होती. १८७८ च्या तहांत जें नव्हतें तेंच येथें घातलेलें दिसतें. ती पुरी पडली कीं नाहीं हा वाद निराळा. आमचें म्हणणें एवढेंच कीं, अशा कोणत्याही ऐक्याची परीक्षा तीन प्रश्नांनीं करावी: दर पुढें बदलावयाचा तर कोणास विचारावें लागेल? भरपाई कोणत्या नाण्यांत, किती काळ, आणि कोणाच्या हातांत पडेल? आणि तोटा ज्या वर्षीं सुरू होतो त्या वर्षींच लाभही सुरू होतो काय? गोमंतकाच्या तहास या तिन्ही प्रश्नांचें उत्तर देतां आलें नाहीं.

आतां संग्राहकांस एक विनंति. वर मांडलेल्या जमाखर्चांत एक दोष आहे, आणि तो वाचकांच्या ध्यानांत आला असेल. जमेचीं कलमें आम्हीं आंकड्यांनिशीं सांगूं शकलों: मैल, लक्ष, पौंड, साल. खर्चाचीं कलमें, विशेषतः मिठाचीं व माडाचीं, आम्हांस तर्कानें व सामान्य अनुभवानें सांगावीं लागलीं. याचें कारण उघड आहे. लाभ सरकारी दप्तरांत लिहिला जातो, छापला जातो, ग्रंथालयांत राहतो. तोटा वाण्याच्या चोपडींत, आगराच्या खंडपत्रांत, गांवकरीच्या जुन्या वह्यांत, रेंदेराच्या परवान्याच्या चिटोऱ्यावर लिहिला जातो, आणि वाळवी खाते.

यांत आमचाही अपराध आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं किनाऱ्यावरील एका गांवीं आम्ही एका संस्कृत पोथीच्या शोधांत गेलों होतों. घरच्या वृद्ध यजमानांनीं पोथी दाखविली, आणि जातां जातां माळ्यावरचें एक मळकट बासन पुढें करून म्हणाले, "गुरुजी, हेंही बघा, आजोबांच्या वेळचे मिठाचे कागद आहेत." आम्हीं दोन पानें उलटलीं. मोडी अक्षर, खंडीचे हिशेब, मजुरांचीं नांवें. पोथीच्या आनंदांत आम्ही तें बासन परत बांधून दिलें व "जपून ठेवा" एवढेंच सांगून निघालों. पांचसहा वर्षांनीं पुन्हां जाणें झालें तेव्हां यजमान नव्हते. घर नवें बांधलें होतें, आणि बासन रद्दींत गेलें होतें. ती पोथी आणखी तीन ठिकाणीं उपलब्ध आहे. तें बासन कोठेंच नाहीं.

म्हणून आमची प्रार्थना अशी कीं, पेडणें, बारदेश, तिसवाडी, साष्टी, तसेंच पलीकडे सावंतवाडी, कारवार व घाटावरील बेळगांव, खानापूर, हुबळी या भागांतील जुन्या घरांत १८८० ते १८९२ या बारा वर्षांचे मिठाचे, माडाचे, वाहतुकीचे अथवा जकातीचे कागद कोणास आढळले, तर ते ताम्रपटाइतकेच मोलाचे समजून त्यांची नक्कल अथवा छायाचित्र करून ठेवावें. भाषा मराठी असो कीं पोर्तुगीज, लिपि मोडी असो कीं कंदेवी, कागद फाटका असो कीं अपुरा. त्याची उपेक्षा करूं नये. शिवछत्रपतींच्या एका पत्रावरून १६७१ च्या मिठाचा भाव आपणांस कळतो. १८८१ सालीं हणजूणच्या बाजारांत तेंच मीठ काय भावानें मिळत होतें, हें सांगणारा कागद अद्याप आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं. तो मिळेल त्या दिवशीं या लेखांतील खर्चाची बाजू नव्यानें लिहावी लागेल, आणि ती लिहिण्यांत आम्हांस आनंदच होईल.